पक्ष्यांचं घर खांबावर नको, भिंतीत हवं

२०२२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन बोटॅनिक गार्डनमध्ये 'फॉर द बर्ड्स' नावाचं प्रदर्शन भरलं होतं. तीसेक वास्तुरचनाकार, कलावंत आणि डिझायनर यांनी पक्ष्यांसाठी तयार केलेली घरं बागेत ठिकठिकाणी मांडली होती. त्यात स्टीव्हन हॉल यांच्यासारखा जगभर नावाजलेला आर्किटेक्ट होता, सो-इलसारखी चर्चेतली फर्म होती. पक्षी वाचवण्याचं काम करणाऱ्या नॅशनल ऑडुबॉन सोसायटीला या उपक्रमातून मदत व्हावी, असा हेतू होता. युरोप-अमेरिकेत असे उपक्रम अधूनमधून होत असतात. मोठमोठ्या आर्किटेक्टांकडून पक्ष्यांसाठी एकेक घर करून घ्यायचं, ती घरं मांडायची, कधी त्यांचा लिलाव करायचा आणि आलेला पैसा चांगल्या कामाला लावायचा. हेतूला नावं ठेवावीत असं यात काही नाही. कित्येक घरं दिसायलाही फार सुंदर असतात. तरीही ती पाहताना एक प्रश्न सुटत नाही. माणसाचं घर आखताना कुठलाही आर्किटेक्ट आधी राहणाऱ्याला विचारतो, त्याच्या गरजा समजून घेतो, सूर्य कुठून येतो आणि पाऊस कुठून मारतो ते पाहतो. पक्ष्याच्या बाबतीत तेवढी चौकशी कितीदा होते? माझं म्हणणं असं की नामवंत वास्तुरचनाकारानं पक्ष्याला द्यायची गोष्ट खांबावर बसवलेली सुटी कलाकृती नव्हे. त्यानं द्यायची ती स्वतःच्या इमारतीची भिंत आणि तिची काच. पक्ष्यांचं भलं आणि बुरं, दोन्ही तिथेच ठरतं. या म्हणण्याला आधार देणारा पुरावा वास्तुकलेच्याच इतिहासात भरपूर आहे.

त्यातला सर्वांत बोलका पुरावा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आजही उभा आहे. बर्थोल्ड लुबेटकिन आणि त्यांच्या टेक्टन या गटानं १९३४ साली तिथे पेंग्विनांसाठी तलाव बांधला. ओव्ह अरूप यांच्यासारखा पुढे जगप्रसिद्ध झालेला अभियंता त्यांच्या जोडीला होता. लांबट गोल भिंतीच्या आत पाणी, आणि त्या पाण्यावर मध्ये एकही खांब न घेता एकमेकींना वळसा घालून उतरणाऱ्या काँक्रीटच्या दोन पातळ उतरंडी. आधुनिक वास्तुकलेच्या पुस्तकांत या तलावाचं छायाचित्र हटकून सापडतं. ब्रिटनमध्ये जतन करायच्या वास्तूंचा जो सर्वोच्च दर्जा असतो, ग्रेड वन, तो त्याला मिळालेला आहे. मात्र पेंग्विन तिथे राहत नाहीत. कठीण काँक्रीटवर सतत चालून त्यांच्या पायांना सूज आणि जखमा होत होत्या. पक्षिवैद्यकात या दुखण्याला 'बंबलफूट' म्हणतात. २००४ मध्ये त्यांना तिथून हलवलं गेलं आणि २०११ मध्ये त्यांच्यासाठी वाळू, गोटे आणि खोल पाणी असलेला वेगळा किनारा तयार झाला. लुबेटकिन यांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. ते बेफिकीर नव्हते, वेगवेगळ्या पृष्ठभागांचा विचार त्यांनी केला होता, आणि मूळ बांधकामात नंतरच्या काळात बदलही झाले. असं असूनही अखेरीस जे उरलं त्याकडे नीट पाहावं. पक्ष्यांसाठी बांधलेली वास्तू पक्ष्यांना सोसली नाही, माणसांना मात्र इतकी आवडली की ती पाडणं कायद्यानं अशक्य झालं. उतरंडींचं ते वळण पेंग्विनांच्या पायांसाठी नव्हतं. कठड्याबाहेर उभं राहून त्यांची चाल पाहणाऱ्या प्रेक्षकांच्या डोळ्यांसाठी ते होतं.

पाहणाऱ्याचा डोळा आधी आणि पक्षी नंतर, हा क्रम अलीकडच्या कामांतही दिसतो. जपानच्या नागानो प्रांतात कोमोरो इथे ओकी सातो यांच्या नेन्दो या स्टुडिओनं २०१२ मध्ये झाडावर पांढरंशुभ्र घर बांधलं. त्याच्या एका अंगाला पक्ष्यांसाठी ७८ दारं आहेत. दुसऱ्या अंगानं शिडी चढून एक माणूस आत जाऊ शकतो आणि बारीक छिद्रांतून त्या ७८ घरट्यांमध्ये डोकावू शकतो. कल्पना मोहक आहे, यात वाद नाही. पण आपल्या हद्दीत दुसरी जोडी आली तर चोची मारून हाकलून लावणारे पक्षी एकाच भिंतीत इतके लागून कसे राहतील, आणि अंड्यांवर बसलेल्या मादीच्या पाठीमागे माणसाचा श्वास ऐकू यावा का, हे प्रश्न त्या मोहकतेपुढे मागे पडतात. फ्रँक लॉइड राइट यांनीही बफलो शहरातल्या डार्विन मार्टिन यांच्या घरात, काचघराच्या छपरावर, मार्टिन जातीच्या पक्ष्यांसाठी भारदस्त घरं योजली होती. वास्तुकलेच्या अभ्यासकांना ती आवर्जून दाखवली जातात. मार्टिन पक्ष्याला खरा आसरा कुणी दिला, ते मात्र वेगळंच आहे. अमेरिकेतले मूळ रहिवासी, चॉक्टॉ आणि चिकासॉसारखे समाज, वाळलेले भोपळे पोखरून, त्यांना भोक पाडून उंच टांगत असत. त्यांत हा पक्षी येऊन राहू लागला. आज रॉकी पर्वताच्या पूर्वेकडचे पर्पल मार्टिन जवळजवळ पूर्णपणे माणसानं टांगलेल्या भोपळ्यांवर आणि साध्या पेट्यांवर अवलंबून आहेत. भोपळा टांगणाऱ्या त्या माणसांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. पक्ष्यानं मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्यांचीच घरं निवडली.

पक्षी घर कशावरून निवडतो, हे गूढ राहिलेलं नाही. जर्मनीत हान्स फॉन बर्लेप्श या सरदारानं १९ व्या शतकाच्या अखेरीस सुतारपक्ष्यानं पोखरलेल्या ढोल्यांची मापं घेतली, आतला आकार कसा असतो ते पाहिलं आणि त्याबरहुकूम ओंडके कोरून पेट्या केल्या. पक्ष्यांनी त्या स्वीकारल्या. तिथपासून जमा होत गेलेलं ज्ञान आज कुणालाही मिळू शकतं. घरचिमणीला ३२ मिलिमीटरचं भोक पुरतं. युरोपातल्या निळ्या टिटला २५ लागतं, स्टार्लिंगला ४५. ही मापं नुसती सोयीची नाहीत, संरक्षणाचं सारं मर्म त्यांतच आहे. भोक काही मिलिमीटरनं वाढलं की मोठा पक्षी आत शिरतो आणि लहान्याला बाहेर काढतो. लाकूड पुरेसं जाड हवं, म्हणजे आत फार तापत नाही आणि फार गारठतही नाही. आतल्या बाजूला रंग किंवा वॉर्निश नको. तळाला पाणी निथळायला बारीक छिद्रं हवीत. झाकण उघडणारं हवं, म्हणजे हंगाम संपल्यावर जुनं घरटं काढून पेटी साफ करता येते. भोकाखाली बसायची दांडी तर अजिबात नको, कारण ढोलीत राहणाऱ्या पक्ष्याला तिची गरजच नसते. तिचा उपयोग होतो तो अंडी-पिल्लं पळवणाऱ्या शिकाऱ्याला. शोभेच्या घरांत ती दांडी बहुतेकदा असतेच, कारण चित्रातल्या घराला ती शोभते. उत्तर अमेरिकेतला ईस्टर्न ब्लूबर्ड विसाव्या शतकाच्या मध्यावर झपाट्यानं कमी होत चालला होता. झाडांच्या ढोल्या कमी झाल्या होत्या आणि उरलेल्या स्टार्लिंग आणि घरचिमण्या बळकावत होत्या. त्याला सावरलं ते हजारो स्वयंसेवकांनी कुंपणांच्या खांबांवर लावलेल्या, दीड इंचाच्या भोकाच्या, दिसायला अगदी सामान्य पेट्यांनी. त्या भोकातून स्टार्लिंग शिरू शकत नाही, एवढंच त्यांचं वैशिष्ट्य. एका पक्ष्याचं नशीब पालटण्याचं श्रेय ज्या रचनेला जातं, तिचा रचनाकार दीड इंचाचा हिशेब करणारा होता.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे सौंदर्याला रजाच द्यायची? पक्ष्याचं घर कुरूपच हवं का? मुळीच नाही, आणि त्याचं उत्तर इस्तंबूलमध्ये मिळतं. ऑटोमन काळात, विशेषतः १६ व्या ते १८ व्या शतकांत, तिथल्या मशिदी, मदरसे, धर्मशाळा आणि पाणपोया यांच्या भिंतींतच पक्ष्यांसाठी घरं बांधली गेली. काही ठिकाणी ती नुसती दगडातली भोकं आहेत, भिंतीशी सपाट. काही ठिकाणी मात्र भिंतीतून पुढे काढलेले दुमजली, तिमजली छोटे महाल आहेत. त्यांना घुमट आहेत, कमानीच्या खिडक्या आहेत, सज्जे आहेत, मिनारसुद्धा आहेत. उस्कुदार भागातली १७१० च्या सुमाराची येनी वलीदे मशीद आणि पुढे १७६० च्या सुमारास उभी राहिलेली अयाझमा मशीद इथले महाल पाहावेत असे आहेत. दगडी नक्षीकामात ते कुठेच कमी नाहीत. पण त्यांची जागा पाहिली की त्यांच्या करणाऱ्यांचं मन कळतं. ते उन्हाच्या बाजूला आहेत, बोचऱ्या वाऱ्याला पाठ करून आहेत, वर छज्ज्याचा आडोसा आहे, आणि मांजराचा पंजा किंवा पोराचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर आहेत. आधी जागा आणि निवारा, मग नक्षी. मुख्य म्हणजे इमारत बांधून झाल्यावर कुणी ते आणून टांगलेले नाहीत. इमारतीचा आराखडा होत असतानाच पक्ष्याला तिच्यात वाटा दिलेला आहे. सौंदर्य आणि उपयोग यांचं भांडण लावायचं कारण नाही. नक्षीकामाला माझी हरकतच नाही. पक्षी ज्यात राहू शकत नाही अशा वस्तूला पक्ष्याचं घर म्हणण्याला आहे.

इस्तंबूलच्या त्या पाथरवटांनी जे केलं ते आज सर्वांत साध्या रूपात ब्रिटनमध्ये होत आहे. तिथे येणारी पाकोळी, कॉमन स्विफ्ट, हिवाळा आफ्रिकेत काढते आणि उन्हाळ्यात वीण करायला युरोपात परतते. घरट्यापुरती टेकते, एरवी खाणं, पिणं, झोपणं सगळं उडताना. दरवर्षी ती त्याच इमारतीतल्या त्याच फटीत परत येते, आणि हेच आता तिच्या मुळावर आलं आहे. छपरं दुरुस्त झाली, भिंतींवर उष्णतारोधक थर चढले, फटी बुजल्या. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी आपल्या बंद झालेल्या दारावर धडका देत राहतो. १९९५ पासूनच्या दोन-अडीच दशकांत ब्रिटनमधली त्यांची संख्या निम्म्याहून खाली आली आणि २०२१ मध्ये त्यांचं नाव तिथल्या लाल यादीत गेलं. त्यावर निघालेला उपाय म्हणजे 'स्विफ्ट ब्रिक'. बाहेरून पाहिलं तर ही नेहमीची वीट वाटते, फक्त तिला एक बारीक आडवी खाच असते; आत पोकळी. एकेकीची किंमत ३०-३५ पौंड. भिंत रचताना गवंडी ती इतर विटांबरोबरच बसवतो. पुढे तिची देखभाल करावी लागत नाही. पाकोळी आली नाही तर चिमणी येते, टिट येतो. ब्रायटन आणि होव शहरानं २०२० पासून पाच मीटरहून उंच नव्या इमारतींना अशा विटांची अट घातली. पुढे लेखिका हॅना बोर्न-टेलर यांनी ही अट देशभर लागू व्हावी म्हणून अर्ज दाखल केला. एक लाखाहून जास्त नागरिकांनी त्यावर सह्या केल्या आणि जुलै २०२३ मध्ये संसदेत त्यावर चर्चा झाली. या विटेवर कुणाची सही नसते, तिचं प्रदर्शनही भरत नाही. पण आर्किटेक्टच्या एका रेघेनं, आराखड्यातल्या एका नोंदीनं, ती शेकड्यांनी भिंतीत जाऊ शकते. मोठ्या आर्किटेक्टच्या हातात जी ताकद आहे ती हीच आहे, आणि खांबावरच्या एकुलत्या एका घरात ती वाया जाते.

भिंतीपेक्षाही गंभीर गोष्ट काचेची. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार अमेरिकेत दरवर्षी सुमारे ३६ कोटी ते ९९ कोटी पक्षी इमारतींच्या काचांवर आपटून मरतात. काचेत आकाश आणि झाडं दिसतात. पक्ष्याला ती खरी वाटतात. शिकागोमध्ये मिशिगन सरोवराच्या काठावर मॅककॉर्मिक प्लेस नावाचं अवाढव्य संमेलन केंद्र आहे. शेजारच्या फील्ड म्युझियमचे लोक १९७८ पासून त्याच्या पायथ्याशी पडलेले पक्षी गोळा करून नोंदवत आले आहेत. ५ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी, स्थलांतराच्या ऐन हंगामात, त्या एका इमारतीखाली हजाराच्या आसपास मेलेले पक्षी सापडले. पुढच्या वर्षी काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली आणि हे मृत्यू ९५ टक्क्यांच्या घरात घटले. ठिपके इतके लहान की आतल्या माणसाला सरोवर दिसायचं थांबत नाही. न्यूयॉर्कचं जेव्हिट्स सेंटर हे आय. एम. पेई यांच्या फर्मचं काम, १९८६ चं. अनेक वर्षं ते शहरातल्या पक्ष्यांसाठी सर्वांत घातक इमारतींत गणलं जायचं. २०१४ पर्यंत झालेल्या नूतनीकरणात तिथे ठिपक्यांची काच बसवली, छतावर सुमारे सात एकरांची हिरवळ तयार केली. आपटून मरणारे पक्षी ९० टक्क्यांनी कमी झाले आणि छतावर आता हेरिंग गल अंडी घालतात. पक्ष्यांसाठी खरोखर काही केलेली वास्तू कुठली, असं कुणी विचारलं तर मी ब्रुकलिनच्या बागेकडे बोट दाखवणार नाही, त्याच शहरातल्या या संमेलन केंद्राकडे दाखवीन. न्यूयॉर्कनं तर पुढे जाऊन कायदाच केला. २०२१ पासून तिथल्या नव्या इमारतींना पहिल्या ७५ फुटांपर्यंत पक्ष्यांना दिसेल अशीच काच प्रामुख्यानं वापरावी लागते. पक्ष्यांसाठी सुंदर घर करून देणाऱ्या प्रत्येक नामवंत आर्किटेक्टला म्हणूनच एक सरळ प्रश्न विचारायला हवा: तुमच्या गेल्या पाच इमारतींच्या काचा कशा आहेत?

यावर आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की प्रदर्शनांमुळे लोकांचं लक्ष जातं, पैसा उभा राहतो. तेही काम आहेच. मान्य. ब्रुकलिनच्या बागेत गेलेल्या एखाद्या मुलीनं त्यानंतर पहिल्यांदा झाडावरच्या पक्ष्याकडे नीट पाहिलं असेल, तर ते छोटं नाही. पण मोठं नाव लागलं की लोकांच्या मनात त्या गोष्टीचा नमुना ठरतो. पक्ष्यांचं घर म्हणजे रंगीत, चमत्कारिक, दांडी असलेलं, पत्र्याचं किंवा काचेचं काहीतरी, असा समज एकदा रुजला की बाजारात तसलीच घरं येतात आणि हौसेनं घेतली जातात. पत्र्याच्या पेटीत उन्हाळ्यात पिल्लं भाजून निघतात. लक्ष वेधायचंच असेल तर राहता येईल अशा घरानं वेधावं. हे अशक्य नाही, हे इस्तंबूल दाखवतं. दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. नुसत्या घरानं पक्षी वाचत नाही, त्याला खायला लागतं. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात चिमण्यांच्या घरट्यांचा अभ्यास झाला, तेव्हा पिल्लं मरण्याचं एक मोठं कारण किडे-अळ्यांची टंचाई हे निघालं. चिमणी मोठेपणी दाणे खाते, पण पिल्लांना पहिल्या दिवसांत अळ्याच लागतात. म्हणजे भिंतीत भोक दिलं आणि भोवतालच्या आवारात फरशी घातली, तर काम अर्धंच झालं. हा आक्षेप मी खोडून काढू पाहत नाही. उलट त्यानं माझं म्हणणं पुढे जातं, कारण आवारात फरशी की माती, विदेशी शोभेची झुडपं की किडे पोसणारी इथली झाडं, हेही आराखड्यावरच ठरतं आणि तो आराखडाही आर्किटेक्टच्याच टेबलावर असतो. राहिला प्रश्न घाणीचा आणि रोगांचा. विष्ठा नको, पिसवा नकोत, हे राहणाऱ्यांचं म्हणणं रास्त आहे. पण भिंतीतली बंदिस्त पोकळी घराच्या आतल्या भागाशी जोडलेलीच नसते, आणि ती दारं-खिडक्यांच्या वर न ठेवता कोऱ्या भिंतीवर ठेवली की खाली उभ्या माणसालाही त्रास होत नाही. माणसांना घरं नाहीत तिथे पाखरांचं काय घेऊन बसलात, असंही कुणी म्हणतं. ज्या भिंतीवर लाखो रुपये खर्च होतात तिच्यातली एक पोकळ वीट कुणाच्या तोंडचा घास काढत नाही.

हा विषय परदेशातला वाटला तरी आपल्या शहरांना तो थेट लागू पडतो. कौलारू घराच्या वळचणीत, तुळईच्या खाचेत, भिंतीतल्या मोकळ्या राहिलेल्या वाशांच्या भोकांत, फोटोच्या मागे चिमण्या, पाकोळ्या, दयाळ, साळुंक्या राहत आल्या, कुणी त्यांच्यासाठी काही मुद्दाम न करता. ते बांधकाम गेलं. गुळगुळीत काँक्रीट आणि काच आली. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' या २०२० च्या अहवालात चिमणीची देशभरातली संख्या साधारण टिकून असल्याचं दिसलं, पण मुंबईसह सहा महानगरांत ती घटलेली आढळली. मग नव्या इमारतींत पक्षी राहतच नाहीत का? राहतात, फक्त ती कबुतरं आहेत. एसीच्या यंत्राखालचा कठडा, डक्टमधले आडवे पाइप, खिडकीवरचे छज्जे या सगळ्या जागा कड्यावर राहणाऱ्या या पक्ष्याला नेमक्या मानवतात. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत मोठा वाद पेटला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्यातली बरीचशी चर्चा दाणे घालावेत की नाही याभोवती फिरली. पण कबुतराला दाण्यांइतकाच कठडा लागतो आणि तो कठडा आपले आर्किटेक्ट रोज आखत आहेत. आपल्या इमारती आजही पक्ष्यांची घरंच आहेत, ती एकाच जातीला धार्जिणी झाली आहेत इतकंच. उतरता कठडा दिला तर कबुतर टिकत नाही, आणि ३२ मिलिमीटरच्या भोकातून ते आत शिरू शकत नाही. दोन्ही गोष्टी आराखड्यात दोन रेघांनी होण्यासारख्या आहेत. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकारानं २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. चिमणीसाठी लाकडी घरटी लावणारी माणसं आज गावोगावी आहेत. नागरिकांनी आपला वाटा उचलला आहे. उरला आहे तो इमारती बांधणाऱ्यांचा.

आपल्याकडच्या वास्तुकला महाविद्यालयांनी पक्ष्यांच्या घरांच्या स्पर्धा जरूर घ्याव्यात, पण निकाल चकचकीत रेखाटनं पाहून त्याच आठवड्यात लावू नये. अलिबागजवळच्या किहीमला सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास सुगरणीचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसलं होतं की नर घरटं अर्धवट विणून थांबतो, मादी येऊन ते आतून-बाहेरून तपासते आणि तिच्या पसंतीला उतरलं तरच पुढचं विणकाम होतं. नापसंत घरटी तशीच झाडावर लोंबत राहतात. स्पर्धेतली घरंही दोन विणीचे हंगाम भिंतीवर ठेवावीत, किती घरांत पक्षी आले आणि किती पिल्लं उडाली ते मोजावं आणि बक्षीस त्यावर द्यावं. आणि राज्य सरकारच्या नगरविकास खात्यानं एक काम करावं. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित नियमावलीत पर्जन्यजल संधारणाची आणि सौरऊर्जेची अट आधीच आहे. तिच्याच शेजारी आणखी दोन ओळी घालाव्यात: ठरावीक उंचीवरच्या प्रत्येक नव्या इमारतीच्या उन्हापावसापासून सुरक्षित बाजूला लहान पक्ष्यांसाठी भिंतीतच पोकळ विटा असाव्यात, आणि दर्शनी भागात मोठी काच असेल तर ती पक्ष्यांना दिसणारी असावी. नियम होईपर्यंत थांबायची गरजही नाही. महाराष्ट्रातल्या नावाजलेल्या आर्किटेक्टांना माझी विनंती आहे की टेबलावर आत्ता जो आराखडा उघडा आहे, त्यातच या विटांची जागा आखून टाकावी.